सुरवंटाच्या अंगात किती हवा मावते?

कीटक श्वास कसा घेतात या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात, त्यांतून हवा श्वासनलिकांच्या जाळ्यात शिरते आणि विसरणाने थेट पेशींपर्यंत पोहोचते. ऑक्सिजन वाहून नेण्याची हमाली रक्ताला करावी लागत नाही. अकरावीला झुरळ शिकलेल्या माणसाला श्वासरंध्रांच्या दहा जोड्या पुढे बरीच वर्षे आठवत राहतात. या दोन ओळींत खोटे काही नाही, पण त्या अर्ध्या आहेत, आणि त्या अर्ध्या का राहिल्या याला एक इतिहास आहे. कीटक श्वास घेतात हे सतराव्या शतकात सुरी, भिंग आणि थोडे तेल एवढ्या सामग्रीवर सिद्ध झाले. तो श्वास त्यांना पुरतो कसा, हे समजायला मात्र आणखी अडीचशे वर्षे लागली, कारण त्यासाठी नळ्या पाहून भागत नव्हते; त्यांत हवा मावते किती आणि हलते किती, हे मोजावे लागणार होते. पुढे ज्या ज्या वेळी कोणी ते माप घेतले, त्या त्या वेळी आधीचे सुटसुटीत उत्तर मोडले. कीटकांच्या श्वसनाचा इतिहास हा शोधांपेक्षा मापांचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात अ‍ॅरिस्टॉटलपासून करावी लागते, कारण पुढचे वाद त्याच्याशीच आहेत. त्याच्या मते श्वासाचे काम अंगातली उष्णता निववण्याचे होते आणि कीटकांना एवढी उष्णताच नसल्यामुळे श्वासाची गरज नव्हती. त्याने दिलेले पुरावे वाचले की हा माणूस किती बारकाईने पाहत होता हे कळते: कीटकांचे तुकडे केले तरी ते बराच वेळ हालचाल करतात, माश्या आणि मधमाश्या द्रवात पडल्या तरी लगेच मरत नाहीत. फुप्फुस नाही, गुदमरणे नाही, म्हणजे श्वास नाही. गंमत अशी की, अंगाला तेल फासले तर सगळे कीटक मरतात, हेही प्राण्यांविषयीच्या त्याच्याच ग्रंथात नोंदलेले आहे. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या, आणि तरी त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. पुढे रोमन लेखक प्लिनीने शंका काढली की फुप्फुस नसले म्हणून श्वास नसलाच पाहिजे असे थोडेच आहे, पण त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हते. हा मुद्दा पुढे पंधराशे वर्षे तसाच पडून राहिला.

तेलाची ती नोंद कामाला आली ती बोलोन्यात. मार्सेल्लो माल्पीगी हा तिथला वैद्यकाचा प्राध्यापक. बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या १६६१ मध्ये प्रथम दाखवणारा. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी त्याला रेशमाच्या किड्याविषयी काही लिहून पाठवण्याची विनंती केली आणि माल्पीगीने अख्खा किडाच उलगडून पाठवला. १६६९ मध्ये सोसायटीने छापलेला हा प्रबंध म्हणजे एखाद्या बिनकण्याच्या प्राण्याच्या अंतरंगाचे पहिले सविस्तर वर्णन. रेशीमकिड्याच्या सुरवंटाच्या कुशींवर दोन्हीकडे नऊ नऊ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यातून चांदीसारख्या चकाकणाऱ्या नळ्यांचा झुबका आत जातो, फांद्या फुटत फुटत आतडे, स्नायू, मज्जारज्जू अशा प्रत्येक अवयवावर पसरतो. आणि नळीची भिंत आतून बारीक मळसूत्री कड्यांनी ताठ राखलेली असते, म्हणून ती रिकामी असूनही मिटत नाही. चकाकी हवेची होती. माल्पीगी इथेच थांबला असता तर ते उत्तम शरीररचनाशास्त्र झाले असते. त्याने पुढे ठिपक्यांना तेल लावले. सगळे ठिपके बुजले की सुरवंट झटकन मेला. काहीच बुजवले की तेवढा भाग लुळा पडला. ठिपके वगळून उरलेल्या अंगाला तेल चोपडले तर त्याला काही झाले नाही. तेल हे विष असेल, ही शंका या तिसऱ्या प्रयोगाने निकालात निघते. साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकून डासांच्या अळ्या मारण्याची रीत याच तत्त्वावर चालते: पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडची श्वासनळी टेकवणाऱ्या अळीला हवेऐवजी तेलाची फिल्म मिळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. माल्पीगीने एकही आकडा न मोजता दोन हजार वर्षांचा गैरसमज मोडला. मग मापाचे एवढे स्तोम कशाला? उत्तर पुढच्या शतकातल्या गोंधळात आहे. हवा आत जाते एवढे ठरले, पण बाहेर कुठून येते, आत तिचे काय होते आणि ती कशाने ढकलली जाते, या तिन्ही प्रश्नांवर मोठमोठी माणसे अडखळली. रॉबर्ट बॉइलने हवा उपसलेल्या काचपात्रात कीटक ठेवले, तर ते निपचित पडले आणि हवा सोडल्यावर पुन्हा हालू लागले. उंदीर अशा वेळी मरून जात. फ्रान्समधला रेओम्युर हा अठराव्या शतकातला सर्वांत नामांकित कीटकनिरीक्षक. पाण्यात बुडवलेल्या सुरवंटाच्या कातडीवर बुडबुडे जमलेले पाहून त्याने ठरवले की हवा श्वासरंध्रांतून आत येते आणि कातडीच्या छिद्रांतून बाहेर पडते. बुडबुडे खरे होते, अर्थ चुकला होता: ती कातडीला चिकटून पाण्यात गेलेली बाहेरचीच हवा होती. बोने आणि इतरांनी हे खोडून काढले, तरी एवढ्या निष्णात माणसाची अशी फसगत झाली, कारण बुडबुड्यांत हवा किती आणि नळ्यांत किती, हा हिशोब कोणी मांडलाच नव्हता. १७७७ मध्ये शेलेने मधमाश्या चुन्याच्या निवळीवर उपड्या ठेवलेल्या काचपात्रात कोंडल्या. माश्यांनी हवेतला ज्वलनाला मदत करणारा भाग वापरला, त्याजागी सोडलेला कार्बन डायऑक्साइड निवळीने शोषला, आणि पात्रातली पातळी हळूहळू वर चढली. कीटकाच्या श्वासाचे, ओबडधोबड का होईना, हे पहिले माप म्हणता येईल, आणि त्याने एका फटक्यात दाखवले की कीटक आपल्यासारखाच ऑक्सिजन खर्च करतात.

याच काळातला प्येर लिओने हा हेगमधला कायदेपंडित. सरकारी गुप्तलिपीची कामे करता करता त्याने विलो झाडाचे लाकूड पोखरणाऱ्या एका जाड्याभरड्या सुरवंटाची चिरफाड केली आणि १७६० मध्ये त्यावर ग्रंथ काढला. चित्रे कोरायला मनासारखा कारागीर मिळेना म्हणून तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याची कला तो स्वतःच शिकला. त्या एका किड्याचे चार हजारांवर स्नायू त्याने मोजले, श्वासनलिकांची फांदी न् फांदी रेखाटली. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा दोन वर्षांनी काढलेल्या आवृत्तीत त्याने आपले सूक्ष्मदर्शक आणि हत्यारेही चित्रांसह छापली. लिओनेच्या ग्रंथाइतके चिकाटीचे काम शरीररचनेच्या इतिहासात फार थोडे सापडते. तरीही हवा त्या नळ्यांतून कशी जाते, यावर त्या ग्रंथातून काही निष्पन्न झाले नाही. मोजदाद झाली ती फांद्यांची. त्यांच्या पोकळीची झाली नाही. हाच सुरवंट एकशे साठ वर्षांनी पुन्हा एका टेबलावर येणार होता.

मधले एकोणिसावे शतक भराभर ओलांडता येते. क्युव्हिएने अठराव्या शतकाच्या अखेरीस असा सुबक तर्क मांडला की कीटकांच्या बाबतीत रक्ताला हवेकडे जावे लागत नाही, हवाच रक्ताकडे येते, म्हणून त्यांच्यात रक्ताभिसरणच नसते. पहिला भाग टिकला. दुसरा १८२७ मध्ये कारुसने अळ्यांच्या पारदर्शक अंगात वाहते रक्त दाखवून पुसून टाकला. या शतकातले मला सर्वांत आवडणारे काम घेंटच्या फेलिक्स प्लातोचे आहे. दृष्टिभ्रमाची फिरती चकती शोधणारा आणि पुढे दृष्टी गमावलेला पदार्थवैज्ञानिक जोसेफ प्लातो हा त्याचा बाप. मुलाने १८८४ मध्ये जिवंत कीटक मॅजिक लँटर्नच्या प्रकाशात बसवले, त्यांची मोठी सावली पडद्यावर पाडली, आणि पोट आत-बाहेर होताना सावलीची कड कुठून कुठे सरकते ते कागदावर आखून घेतले. त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण छाती फुगवण्यासाठी स्नायू वापरतो आणि श्वास आपोआप सुटतो. बहुतेक कीटक स्नायू वापरून हवा बाहेर दाबतात आणि अंग आपल्या लवचीकपणाने पूर्ववत होताना हवा आत येते. म्हणजे कीटकांच्या पोटाचा भाता चालतो, हे विसाव्या शतकाच्या आधीच कागदावर होते. ते पाठ्यपुस्तकातून गळाले कसे?

कोपनहेगनचा ऑगस्ट क्रोग याला १९२० चा नोबेल पुरस्कार मिळाला तो स्नायूंतल्या केशवाहिन्या गरजेनुसार कशा उघडतात-मिटतात यासाठी. त्याच वर्षी त्याने कीटकांच्या श्वासनलिकांवर जर्मनमध्ये निबंधांची मालिका छापली. हा योगायोग वाटतो, पण तसा नाही. केशवाहिनी काय आणि कीटकाची सूक्ष्म श्वासनलिका काय, दोघींपुढचा प्रश्न एकच: ऑक्सिजनला पेशीपर्यंतचे शेवटचे अंतर आपोआप कापता येईल इतके ते लहान आहे का? ऊतींमधून ऑक्सिजन किती वेगाने झिरपतो याचे गुणांक त्याने स्वतःच नुकतेच मोजलेले होते, तेव्हा गणिताची एक बाजू तयार होती. दुसरी बाजू म्हणजे नळ्यांची एकूण लांबी आणि एकूण रुंदी. त्यासाठी त्याने लिओनेचाच लाकूड पोखरणारा सुरवंट घेतला. नळ्यांच्या पोकळीत द्रव भरून जाळे उठावदार करायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक टप्प्यावर नळीचा व्यास आणि लांबी टिपायची, सगळे छेद मिळवायचे, आणि शेवटी त्या किड्याच्या ऑक्सिजनच्या खर्चाशी ताळा घालायचा. बाहेरच्या हवेत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १५९ मिलिमीटर असतो. क्रोगच्या हिशोबानुसार श्वासरंध्र आणि नळीचे आतले टोक यांत त्याच्या दशांशाहूनही कमी फरक असला तरी त्या सुरवंटाची सारी गरज भागत होती. ऑक्सिजन पाण्यापेक्षा हवेतून सुमारे दहा हजार पट सहज पसरतो. म्हणून हवा भरलेली नळी थेट स्नायूपर्यंत नेली की भाता नसला तरी चालते. एखाद्या जुन्या गूढाचा इतका स्वच्छ हिशोब क्वचितच होतो.

स्वच्छ हिशोबाचा धोका असा की तो ज्या अटींवर उभा असतो त्या अटी वाचकाच्या हातून सुटतात. क्रोगचा सुरवंट लाकडात बसून सावकाश चरणारा, फारशी हालचाल न करणारा प्राणी होता. मालिकेतल्या पुढच्या निबंधात क्रोगने स्वतःच दुसरा प्राणी घेतला: डायटिस्कस या पाणभुंगेऱ्याची अळी. ती शेपटाचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला लावून श्वास घेते. त्याने मोजले तेव्हा एका श्वासात तिच्या श्वासनलिकांतली जवळजवळ दोन तृतीयांश हवा बदलत होती. कॉकचेफर या युरोपातल्या भुंगेऱ्यात, म्हणजे आपल्या उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीच्या भाऊबंदात, हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास निघाले. माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात फुप्फुसातली याहून कितीतरी कमी हवा बदलतो. तेव्हा 'कीटक विसरणाने जगतात' हे मत क्रोगचे म्हणून सांगणे त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे पूर्ण म्हणणे असे होते की मोठ्या नळ्यांत भाता आणि बारीक टोकांत विसरण, आणि कोणाचा वाटा किती हे प्राण्यागणिक मोजून ठरवावे लागते. पुस्तकांनी सुरवंट उचलला आणि पाणभुंगेरा सोडला. याला आळस हे एक कारण आहेच, पण तेवढेच नाही. विसरणाचे गणित एका पानावर मावते, भात्याचे गणित प्रत्येक जातीसाठी नव्याने मांडावे लागते, आणि परीक्षेला पहिलेच सोयीचे.

आता हे माप घेतात कसे ते जवळून पाहण्यासारखे आहे. सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत पाण्याची. ताजा मारलेला किंवा भूल दिलेला टोळ तोलायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा आणि भांड्यावरची हवा पंपाने उपसायची. दाब उतरू लागला की नळ्यांतली हवा फुगते आणि श्वासरंध्रांतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर निघतात. बुडबुडे थांबले की भांड्यात पुन्हा हवा सोडायची. बाहेरचा दाब पाण्याला रिकाम्या नळ्यांत ढकलतो. मग टोळ टिपकागदावर कोरडा करून पुन्हा तोलायचा. वजन जेवढे वाढले तेवढे पाणी आत गेले, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घनसेंटीमीटर, म्हणून तेवढीच हवा आधी आत होती. दोन ग्रॅमच्या टोळाचे वजन अर्ध्या ग्रॅमने वाढले तर त्यात अर्धा घनसेंटीमीटर हवा मावत होती. रीत सोपी आहे आणि तिची उणीवही उघड आहे: पंप पूर्ण पोकळी करू शकत नाही, अगदी टोकाच्या नळ्यांत पाणी शिरेलच असे नाही, आणि प्राणी मेलेला असतो. टोके गाठण्यासाठी व्हिन्सेंट विगल्सवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५० मध्ये वेगळी युक्ती छापली. निर्वात केलेल्या नळ्यांत त्याने कोबाल्टचे तेलात विरघळणारे संयुग भरले आणि मग सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडला. आतल्या कोबाल्टचे काळे सल्फाइड झाले आणि पेशींना वेढणाऱ्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक नळ्या शाईने काढल्यासारख्या उमटल्या. याच विगल्सवर्थने १९३० मध्ये दाखवले होते की या बारीक नळ्यांची टोके विश्रांतीच्या वेळी द्रवाने भरलेली असतात आणि स्नायू थकले की तो द्रव आत शोषला जाऊन हवा पुढे सरकते. म्हणजे हवेचा साठा कामाच्या भरात वाढतो. पोकळीला स्थिर आकडा आहे, ही कल्पना तिथेच डळमळली होती.

ती पुरती मोडली टोळांनी. वाळवंटी टोळ हा विसाव्या शतकातला आफ्रिकेपासून राजस्थानपर्यंतचा सरकारी डोकेदुखीचा विषय होता आणि त्यापायी लंडनमध्ये टोळ-संशोधनाचे स्वतंत्र केंद्र चालत होते. उतारवयातल्या क्रोगने आणि त्याचा तरुण साहाय्यक टोर्केल वाइस-फॉग याने गेन्टॉफ्टच्या प्रयोगशाळेत गोल फिरणाऱ्या यंत्राला टोळ टांगून त्यांना तासन् तास उडवले आणि किती इंधन व किती ऑक्सिजन जळतो ते मोजले. क्रोग १९४९ मध्ये वारला. काम वाइस-फॉगने पुढे नेले. उडणाऱ्या कीटकाचा पंखांचा स्नायू हा प्राणिसृष्टीतला सर्वांत जास्त ऑक्सिजन जाळणारा ऊतक, असे त्याने १९६४ च्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले. अशा स्नायूला श्वासरंध्रापासूनचे विसरण पुरत नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवले. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, अंतर दहापट तर वेळ शंभरपट. पण स्नायूच्या आतल्या शेवटच्या टप्प्यात, जिथे अंतर अगदी थोडे उरते, तिथे विसरण पुरते. मधला लांबचा रस्ता भात्याने काटावा लागतो, आणि टोळाने त्यासाठी वेगळा अवयव केलेला नाही. १९६७ मध्ये वाइस-फॉगने दाखवले की सेकंदाला सतरा ते वीस वेळा हलणारे पंखच वक्षाची पेटी दाबतात-सोडतात आणि त्यातल्या वायुकोशांतली हवा हलवतात. उड्डाण जितके जोरात तितका श्वास जास्त. इंजिनच स्वतःचा पंखा फिरवते.

यावर कोणी म्हणेल की टोळ हा अपवाद आहे. बहुतेक कीटक लहान, चालणारे, सावकाश जगणारे असतात आणि त्यांना क्रोगचा सुरवंट लागू पडतो. हा आक्षेप मी गंभीर मानतो, कारण लहान शरीरात अंतरेच कमी असतात आणि विसरण खरोखर पुष्कळ काम करते. पण दोन निष्कर्ष त्याला आडवे येतात. एक म्हणजे एकाच किड्यात हे माप सतत बदलते. टोळाच्या पिल्लाने कात टाकली की जुन्या नळ्यांचे अस्तरही कातीबरोबर निघून येते आणि नवे जाळे मोठे व रिकामे असते. मग पिल्लू खात-वाढत जाते, ऊतक फुगतात, वायुकोश दाबले जातात. कातीनंतर शरीराच्या ४० टक्क्यांच्या आसपास असलेली हवा पुढच्या कातीच्या तोंडावर ५ टक्क्यांच्याही खाली आल्याची नोंद आहे. अमेरिकन टोळावर २००६ मध्ये लीज, वुल्फ आणि हॅरिसन यांनी अंगात फारसा न विरघळणारा निष्क्रिय वायू आधी नळ्यांत भरू देऊन, मग तो बाहेर किती येतो ते मोजून जिवंतपणीच हे माप घेतले, तेव्हाही वाढीबरोबर हवेची जागा आकसताना दिसली. दुसरे म्हणजे अगदी स्वस्थ पडलेला कोशसुद्धा नुसत्या उघड्या नळ्यांवर विसंबत नाही. हार्वर्डमध्ये श्नायडरमन आणि विल्यम्स यांनी सिक्रोपिया पतंगाच्या कोशांत पाहिले की श्वासरंध्रे तासन् तास मिटलेली राहतात, मग एकदम उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. १९६६ मध्ये आतल्या हवेचे नमुने घेतले तेव्हा मधल्या काळात ऑक्सिजन साडेतीन टक्क्यांच्या आसपास राखलेला निघाला. असा कोश म्हणजे हवेची कोठीच. ती किती वेळ पुरेल हे कोठीच्या आकारावर अवलंबून, म्हणून १९८० मध्ये ब्रिजेस आणि सहकाऱ्यांनी त्याच कोशांची पोकळी निष्क्रिय वायूंनी मोजली. सावकाश जगणाऱ्यांनाही मापावाचून सुटका नाही.

एकविसाव्या शतकात नळ्या जिवंत प्राण्यात थेट दिसू लागल्या. शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉनच्या तीव्र क्ष-किरणांत हवा आणि ऊतक यांच्या कडा इतक्या स्पष्ट होतात की भुंगेऱ्याच्या डोक्यातल्या आणि वक्षातल्या नळ्या चपट्या होऊन पुन्हा गोल होताना व्हिडिओवर पाहता येतात. मार्क वेस्टनीट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भुंगेरे, रातकिडे आणि मुंग्या यांचे असे चित्रण छापले. मुख्य नळ्यांतली निम्म्यापर्यंत हवा साधारण एका सेकंदात बदलत होती. विसरणावर जगतात असे मानल्या गेलेल्या सामान्य कीटकांतच भाता निघाला. शंका लगेच आली: क्ष-किरणांच्या माऱ्यात सापडलेला किडा धडपडत असेल, तोच भाता आपल्याला दिसत असेल. संशोधकांनी किरणांचा त्रास किती होतो ते तपासले, आणि २००८ मध्ये एका भुंगेऱ्यात चित्रणाबरोबरच कार्बन डायऑक्साइडही मोजला. नळ्या दाबल्या गेल्या की वायूचा झोत बाहेर येत होता. दाबणे हे नुसते फडफडणे नव्हते, त्याने खरोखर हवा बदलत होती, एवढे यातून ठरते. पण याच साधनाची एक मर्यादा फारशी बोलली जात नाही. क्ष-किरणांना मोठ्या आणि मध्यम नळ्या दिसतात, पेशींना वेढणाऱ्या सर्वांत बारीक नळ्या निसटतात. पाण्याच्या रीतीत जिथे पाणी पोहोचले तेवढे मोजले जाते. निष्क्रिय वायूच्या रीतीत मोजण्याच्या वेळात श्वासरंध्रांतून जेवढे बाहेर आले तेवढे. तीन रीतींचे आकडे जुळले नाहीत तर कोणाचे तरी चुकले, असे समजणे घाईचे ठरेल. त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात, आणि 'कीटकाच्या श्वासनलिकांचे आकारमान' या नावाखाली त्यांची सरमिसळ होते.

ही सरमिसळ सर्वांत जास्त महत्त्वाची ठरते ती ज्या प्रश्नासाठी हे माप आज हटकून पुढे केले जाते त्यात: कीटक मांजराएवढे का नसतात? २००७ मध्ये अलेक्झांडर कायझर आणि सहकाऱ्यांनी अर्गॉनच्याच क्ष-किरणांनी काळपट भुंगेऱ्यांच्या एका कुळातल्या चार जाती मोजल्या. शरीर जसे मोठे, तसा त्यात श्वासनलिकांचा वाटा शरीराच्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढत होता. सर्वांत जास्त अडचण पायाच्या सांध्यात, जिथून नळ्यांना अरुंद वाटेने आत शिरावे लागते. तो कल पुढे ताणला तर सुमारे १६ सेंटीमीटरच्या भुंगेऱ्यापाशी सांध्यात जागाच उरत नाही, आणि आजचा सर्वांत मोठा भुंगेरा, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला टायटॅनस, साधारण तेवढाच आहे. कार्बॉनिफेरस काळातली, पंख पसरल्यावर ६५ सेंटीमीटरहून मोठी होणारी मेगन्यूरा ही चतुरासारखी माशी मग ओघानेच आठवते. फ्रान्समधल्या कॉमांत्रीच्या कोळसा खाणीत १८८० मध्ये सापडलेल्या या प्राण्याच्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांपेक्षा बराच जास्त, ३० टक्क्यांच्या वर असावा असे अंदाज आहेत. मांडणी आकर्षक आहे आणि तिच्यामागे भक्कम शरीरक्रियाशास्त्र आहे. पण २०१२ मध्ये क्लॅफम आणि कार यांनी हजारो जीवाश्म पंखांच्या लांबीचा आलेख काढला, तेव्हा कीटकांचा कमाल आकार आणि ऑक्सिजन यांची साथ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच टिकलेली दिसली. त्यानंतर ऑक्सिजन वाढला तरी कीटक मोठे झाले नाहीत, आणि त्याच सुमारास हवेत पक्षी आले होते. पंख दगडात उमटतात, नळ्या उमटत नाहीत. मेगन्यूराच्या अंगात किती हवा मावत होती, याचे जे उत्तर दिले जाते ते चार काळपट भुंगेऱ्यांच्या क्ष-किरण चित्रांवरून आलेले असते, आणि त्या चित्रांत सर्वांत बारीक नळ्या मुळात नसतात.